मुलाचा पहिला घडीचा चाकू : सोलापूरच्या पालकांचे नेहमीचे प्रश्न

थंडी पडली, हुरडा सुरू झाला की शहरातली लेकरं शेतावर जायला लागतात. तिथं एखादा काका खिशातून चाकू काढून सरसर काडी तासतो, आणि परतीच्या वाटेवर गाडीतच मागणी सुरू होते, "बाबा, मला पण पाहिजे." मग आई-बाबा विचारायला येतात. गेली काही वर्षं रविवारी सकाळी मी मुलांना हातानं लाकूड तासायला शिकवतो. त्यामुळं हे प्रश्न माझ्याकडं सारखे येतात, त्यांची उत्तरं एका जागी लिहून ठेवतोय. एक गोष्ट आधीच स्पष्ट सांगतो : मुलाशेजारी बसायला आठवड्यातून तासभर वेळ नसेल, तर चाकू घेऊ नका. कितीही चांगला चाकू त्या वेळेची जागा घेऊ शकत नाही.

मुळात लेकराच्या हातात चाकू द्यायचाच कशाला?

कारण धार त्याच्या आयुष्यात आधीच आहे. घरात विळी आहे, आजोबांचा अडकित्ता आहे, शेतात खुरपं आणि विळा आहे. पूर्व भागात कितीतरी घरांत विडीसाठी तेंदूची पानं कात्रीनं कापताना लेकरं रोज आईला बघतात. आपण शिकवलं नाही तर मूल कधीतरी कुणी नसताना स्वयंपाकघरातली सुरी घेतं आणि आंब्याची कोय फोडायला बसतं. शिकवलेला हात आणि न शिकवलेला हात यांत केवढा फरक असतो, ते अशा वेळी कळतं.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. लाकूड तासताना मुलाला घाई करता येत नाही. गाठ आली की थांबावं लागतं, काडी फिरवून दुसऱ्या बाजूनं यावं लागतं. पाचवीतलं चुळबुळं पोरगं अर्धा तास मान खाली घालून एका काडीवर काम करतं, हे मी पुन्हा पुन्हा बघितलंय.

कितव्या वर्षी द्यावा?

वय सांगतो, पण त्याला धरून बसू नका. साधारण नऊ-दहा वर्षांचं मूल घडीच्या चाकूला तयार असतं. भारत स्काऊट्स आणि गाईड्समध्येही स्काऊटचा विभाग दहाव्या वर्षापासूनच सुरू होतो. पण काही मुलं आठव्या वर्षी तयार असतात, काही बाराव्या वर्षीही नसतात.

मी एवढंच बघतो. "थांब" म्हटलं की ते लगेच थांबतं का? हरल्यावर हातातली वस्तू फेकतं का? कंटाळा आला की तसं सांगतं, का मस्ती सुरू करतं? "थांब" ऐकून हात जागीच थांबणारं मूल शिकवता येतं. रागानं बॅट आपटणाऱ्या मुलाला अजून वर्षभर थांबवा. त्यात त्याचा अपमान नाही, फक्त वेळ आली नाही एवढंच.

तोवर काय करायचं?

स्वयंपाकघर. सहा-सात वर्षांच्या मुलाला आधी बोथट सुरीनं केळं, मग उकडलेला बटाटा, मग काकडी कापू द्या. कापायच्या फळीखाली ओलं फडकं घातलं की फळी सरकत नाही. भाजी धरणाऱ्या हाताची बोटं आत वळवायची, नखं भाजीला टेकवायची. ही सवय एकदा लागली की जन्मभर जात नाही.

बटाटे सोलायचं सोलाणं हे तर पहिलं उत्तम हत्यार. त्यानं ओल्या काडीची साल छान निघते आणि खोल कापायची भीती फार कमी. अंघोळीच्या साबणाची वडी कोरायला दिली तर रविवारची सकाळ कुठं गेली कळत नाही.

चाकू कसला घ्यावा?

पातं छोटं, सात-आठ सेंटिमीटरपर्यंत. मूठ मुलाच्या मुठीत पूर्ण भरेल अशी. किचेनला लटकवायचा इवलासा चाकू लहान मुलासाठी बरा वाटतो, पण तो बोटांत नीट धरताच येत नाही, म्हणून निसटतो. टोक गोल असेल तर फार चांगलं. पहिल्या वर्षात टोकदार पात्यानं करायचं असं एकही काम नसतं.

उघडलेलं पातं जागेवर राहतं कसं, ते घेण्याआधी समजून घ्या. स्वित्झर्लंडच्या व्हिक्टोरिनॉक्ससारख्या जुन्या घडणीच्या लाल चाकूंत पात्याच्या मागं नुसती स्प्रिंग असते. पाठीवर जोर आला तर पातं मिटतं. म्हणून अशा चाकूनं कधीही भोसकायचं नाही, टोकानं भोक पाडायचं नाही. काही चाकूंत मुठीच्या आतली पत्र्याची पट्टी पात्याला अडवते. पातं मिटत नाही, पण बंद करताना अंगठा पात्याच्या वाटेत न्यावा लागतो. छोट्या हाताला ते अवघड जातं. फ्रान्सच्या ओपिनेलमध्ये १९५५ पासून पात्याच्या बुडाशी फिरणारी कडी असते. उघडल्यावर कडी फिरवली की पातं पक्कं, बंद करताना उलटी फिरवायची. पहिल्या चाकूसाठी मला ही कडीची तऱ्हा सगळ्यांत पटते. मुलाला एक वेगळी कृती करावी लागते, आणि ती केली की नाही हे आपल्याला लांबूनही दिसतं. दोन्ही कंपन्या मुलांसाठी गोल टोकाचे चाकू करतात.

बटण दाबून झटकन उघडणारा चाकू नको म्हणजे नकोच. एकाच मुठीत वीस हत्यारंवालाही नको. तो जाड असतो आणि मुलाचं लक्ष कापण्यापेक्षा उघडझाप करण्यात जातं.

गड्ड्याच्या यात्रेत स्टॉलवर स्वस्तात मिळतो, तो चालेल?

स्टॉल कुठला का असेना, चाकू हातात घेऊन बघा. पातं उघडा आणि डावी-उजवीकडं हलवून बघा. खिळ्यापाशी खडखडलं तर परत ठेवा. अर्धवट उघडलेलं पातं आपोआप लोंबत असेल तरी परत ठेवा. धार बघताना बोट धारेवर फिरवू नका, वर्तमानपत्राचा तुकडा कापून बघा. या तीन गोष्टींत जो उतरला तो घ्या.

धार मुद्दाम थोडी बोथट करून दिली तर सुरक्षित नाही का?

नाही. हा गैरसमज सगळ्यांत जास्त आहे आणि त्यानंच जास्त बोटं कापतात. बोथट पातं लाकडात शिरत नाही, मग मूल जोर लावतं, पातं घसरतं, आणि तो सगळा जोर दुसऱ्या हातावर येतो. धारदार पातं हलक्या हातानं काम करतं. चाकू धारदारच द्या आणि "जोर लावावा लागला की थांबून मला सांग" हे पहिल्या दिवसापासून शिकवा.

पहिल्या दिवशी काय शिकवायचं?

कापणं नाही. फक्त उघडणं, बंद करणं आणि देणं-घेणं.

बंद करणं सर्वांत महत्त्वाचं, कारण लक्ष तिथंच सुटतं. काम झालेलं असतं, डोळे दुसरीकडं गेलेले असतात. मूठ डाव्या हातात अशी धरायची की चारही बोटं मुठीच्या एका बाजूला आणि अंगठा दुसऱ्या बाजूला राहील. पातं ज्या खाचेत जातं, त्या खाचेवरून एकही बोट वळलेलं नको. मग उजवा तळहात सपाट ठेवून पात्याची पाठ दाबायची. चिमटीत धरून नाही, तळहातानं. अर्ध्यावर आलं की थांबायचं, बोटं कुठं आहेत ते बघायचं आणि मगच पूर्ण मिटवायचं. मी मुलांना हे मोठ्यानं म्हणायला लावतो : "कडी, बोटं, अर्धं, बंद." दुसऱ्या-तिसऱ्या रविवारी ती मनातल्या मनात म्हणायला लागतात. ओठ हलताना दिसतात.

दुसऱ्याला चाकू शक्यतो मिटवूनच द्यायचा. उघडा द्यावा लागला तर मूठ समोरच्याकडं आणि धार आपल्या तळव्यापासून लांब. समोरच्यानं धरून "घेतला" म्हटल्याशिवाय सोडायचा नाही. आणि उघडा चाकू घेऊन एक पाऊलही चालायचं नाही. पाणी प्यायला उठायचं असलं तरी आधी बंद.

बसायचं कसं?

बसूनच कापायचं. पाटावर किंवा दगडावर, पाय जमिनीवर टेकलेले, कोपरं गुडघ्यांवर टेकवून. असं बसलं की हात आणि काडी आपोआप गुडघ्यांच्या पुढं राहतात. दोन मांड्यांच्या मधे धरून कधीच कापायचं नाही. मांडीच्या आतल्या बाजूनं मोठी रक्तवाहिनी जाते, तिथली जखम जिवावर बेतू शकते. कारण सांगूनच हा नियम शिकवा. कारण कळलं की मुलं नियम पाळतात.

बसण्याआधी मिटवलेला चाकू हातात धरून हात लांब करायचा आणि पुढं, बाजूला, मागं फिरवायचा. त्या घेरात कुणी असेल तर उघडायचा नाही. कुणी घेरात आलं, अगदी मांजर आलं तरी, काम थांबवून चाकू बंद.

पातं नेहमी अंगापासून लांब न्यायचं. बारीक कामाला काडी धरलेल्या हाताचा अंगठा पात्याच्या पाठीवर ठेवून हळूच रेटायचं. त्यात पातं जेमतेम बोटाच्या पेराएवढं पुढं जातं, म्हणून ताब्यात राहतं. नव्या मुलाला महिनाभर एवढीच पद्धत पुरे.

आपल्याकडच्या उन्हाळ्याचाही विचार करा. एप्रिल-मेमध्ये दुपारी तळहाताला घाम सुटतो आणि मूठ सटकते. सकाळी आठच्या आत बसा, नाहीतर राहू द्या.

लाकूड कुठलं घ्यावं? आणि आणायचं कुठून?

ओलं लाकूड घ्या. सुकलेलं मोठ्यांनाही जड जातं. सुरुवातीला करंगळी ते अंगठ्याएवढ्या जाडीची कडुलिंबाची सरळ काडी घ्यावी. ती सोलापुरात कुठंही मिळते. शेवग्याची काडी मऊ पण ठिसूळ. पांगारा मिळाला तर उत्तम, मऊ आणि हलका. बाभूळ टणक, ती दोन वर्षांनी. तुरीच्या शेंगा झोडपल्यावर उरलेल्या तुराट्या हलक्या कामाला चांगल्या.

फांद्या तोडायला जाऊ नका. शहरात झाड तोडायला १९७५ च्या कायद्यानुसार परवानगी लागते, आणि मुलाचा पहिला धडा जिवंत झाड ओरबाडण्याचा नसावा. पावसाळ्याआधी महावितरणची माणसं तारांखालच्या फांद्या छाटतात, त्या वेळी लागेल तेवढं मिळतं. शेतात बांधावरची छाटणी असतेच.

आता नीट वाचा. कण्हेरीची काडी कधीही घेऊ नका. ती रस्त्याच्या दुभाजकांत असते, बंगल्यांच्या कुंपणाला असते. तिच्या काड्या सरळ, गुळगुळीत आणि कापायला मऊ असतात, त्यामुळं मूल नेमकी तीच उचलतं. पण लाल-पांढरी कण्हेर काय आणि पिवळ्या फुलांची बिट्टी काय, दोन्हींचं पान, साल, चीक सगळं विषारी आहे आणि ते विष हृदयावर परिणाम करतं. अशा काडीला कणीस किंवा वांगं टोचून आगटीवर भाजलं तर ते पोटात जातं. रुईचा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला गंभीर इजा होते. शेराचा आणि निवडुंगाचा चीकही तसाच. मुलाला आधी ही झाडं ओळखायला शिकवा, चाकू त्यानंतर. झाड ओळखता येत नसेल तर काडी घ्यायची नाही, हा आमच्याकडचा पक्का नियम आहे.

बनवायचं काय?

नुसती साल काढणं हेच पहिले दोन रविवार. मग दातण, मग कुंडीत रोवायची नावाची पट्टी, मग तंबूची खुंटी. खुंटीला दोरी अडकायला खाच लागते, आणि ती पाडताना मूल आडवा काप देऊन लाकूड तिथंच थांबवायला शिकतं.

आपल्या भागातलं खरं काम म्हणजे ज्वारीच्या धांड्याची बैलगाडी. धांड्याची टणक साल बारीक पट्ट्यांत काढायची, आतला मऊ भेंड चाकं आणि साटा करायला घ्यायचा आणि सालीच्या पट्ट्या खिळ्यांसारख्या टोचून जोडायचं. आपल्याकडच्या आजोबांच्या पिढीतल्या अनेकांना ती जमते. मालदांडीचा कडबा असताना एक पेंढी मागून आणा आणि आबांना शेजारी बसवा. फक्त सांगून ठेवा की धांड्याच्या सालीची कडही बोट कापते.

डाळिंबही चांगला धडा देतं. वरच्या साली­वर उभ्या, उथळ रेघा मारायच्या आणि फळ हातानं उकलायचं. एकही दाणा फुटला नाही तर पातं किती खोल न्यायचं ते हाताला कळलं.

कापलं तर?

कधीतरी छोटं कापणारच, त्याची तयारी ठेवूनच बसा. स्वच्छ सुती कापड, पट्टी आणि पाण्याची बाटली जवळ हवी. आधी चाकू बाजूला. जखम वाहत्या पाण्यानं धुवा, कापड ठेवून दाबा आणि हात छातीच्या वर धरा. दहा मिनिटं सलग दाबून ठेवा, मधेच उघडून बघू नका. कापड भिजलं तर त्यावरच दुसरं ठेवा. रक्त भळभळत असेल तर धुण्यात वेळ घालवू नका, थेट दाबा. हळद, कॉफी, टूथपेस्ट काहीही भरू नका. डॉक्टरला पुन्हा ते सगळं साफ करावं लागतं.

जखमेचे काठ उघडे राहिले, सांध्यावर कापलं, बोट वाकत नसेल, टोक बधिर झालं असेल किंवा दहा मिनिटांनी रक्त थांबलं नसेल, तर लगेच दवाखाना. रक्त जोरात उडत असेल तर १०८ ला फोन करा आणि दाब सोडू नका. सरकारी लसीकरणात धनुर्वाताची लस दहाव्या आणि सोळाव्या वर्षी असते. चाकू देण्याआधी लसीचं कार्ड एकदा काढून बघा.

आणि ओरडू नका. ओरडा बसला की पुढच्या वेळी मूल जखम लपवतं.

कायद्याची अडचण येते का?

शस्त्र अधिनियम १९५९ खालच्या नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची हत्यारं येतात. घरकामाची आणि शेतीची अवजारं त्यातून वगळली आहेत. आपला आठ सेंटिमीटरचा चाकू त्यात बसत नाही. तरीही तो खिशात घालून शहरभर फिरू नये. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली पोलीस आयुक्त सण, मिरवणुका, निवडणुका यांच्या काळात शस्त्रबंदीचे आदेश काढतात, आणि त्या कलमात चाकूचा उल्लेख आहे. मिरवणूक बघायला जाताना चाकू घरी.

नान्नजच्या माळढोक अभयारण्यात जाताना तर आवर्जून घरी ठेवा. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ नुसार परवानगीशिवाय अभयारण्यात शस्त्र नेता येत नाही आणि त्या कायद्याच्या व्याख्येत चाकूही शस्त्रच आहे. विमानात हातातल्या सामानात चालत नाही, चेक-इन बॅगेत टाका.

शाळेत दाखवायला नेऊ का म्हणतो.

नाही. यात चर्चा नको. दप्तरात, सहलीच्या बॅगेत, क्लासला, कुठंच नाही. मित्राला दाखवायचा असेल तर मित्र घरी येईल आणि तुम्ही समोर बसाल.

आजीचा ठाम विरोध आहे. चाकू म्हटलं की तिला मारामारीच आठवते.

आजीला समजावू नका, तिला सामील करा. चाकू तिच्या हातात द्या, नातवाला तिच्यासमोर बसवून "कडी, बोटं, अर्धं, बंद" करून दाखवायला सांगा. मग त्याला तिच्या शेंगा-चटणीच्या बरणीसाठी लाकडी पट्टी तासून देऊ द्या. आणि आजी एखादी शंका काढत असेल तर ती नीट ऐका. कुठलं नातवंड ऐकतं आणि कुठलं नाही, हे घरात तिला सर्वांत चांगलं माहीत असतं.

मुलीला द्यावा का?

अर्थातच. वय, नियम, चाकू सगळं तेच.

मूल डावखुरं आहे.

बहुतेक चाकूंत नखानं उघडायची खाच उजव्या हाताच्या सोयीनं केलेली असते. पत्र्याच्या पट्टीचं कुलूपही तसंच. कडी फिरवायचा चाकू दोन्ही हातांना चालतो. शिकवताना शेजारी न बसता समोर बसा. तुम्ही उजव्या हाताचे असाल तर त्याला आरशात बघितल्यासारखं सगळं बरोबर दिसतं.

धार आणि निगा?

पहिलं वर्ष धार तुम्ही लावा, मूल बघेल. सायकलवर चाक घेऊन येणाऱ्या धारवाल्याकडं छोटं पातं देऊ नका. चाकावर पातं तापलं तर पोलादाचा कडकपणा जातो आणि धार टिकत नाही. बारीक दाण्याचा धारेचा दगड आणा, पाण्यानं भिजवा, पातं दगडापासून साधारण वीस अंश उचला आणि दोन्ही बाजूंनी सारखं फिरवा. शेवटी जुन्या चामडी पट्ट्यावर उलटं ओढा.

पातं कार्बन पोलादाचं असेल तर डाळिंब, लिंबू कापल्यावर ते काळपट पडतं. ते बिघडलेलं नाही. पण ओलं ठेवलं तर गंजतं. पुसून कोरडं करा आणि खिळ्यात खाद्यतेलाचा एक थेंब सोडा. लाकडी मुठीचा चाकू पाण्यात भिजत टाकू नका. मूठ फुगते आणि पातं अडकतं.

नियम मोडला तर काय शिक्षा?

चाकू त्या दिवसापुरता आत. दुसऱ्यांदा झालं तर महिनाभर. मारणं, टोमणे, चारचौघांत बोलणं काही नको. पण चाकू कुणावर रोखला, अगदी गंमतीत रोखला, तर तो वर्षभरासाठी परत. हे आधीच सांगून ठेवा आणि वेळ आली की तसंच करा.

चाकू पूर्ण त्याच्या ताब्यात कधी द्यायचा?

पहिलं वर्ष तो तुमच्याच कुलुपात. मागायचा, वापरायचा, पुसून परत करायचा. वर्षभर हे नीट झालं तर खंडेनवमीला घरातली हत्यारं पूजेला मांडतात, तेव्हा त्याचा चाकू त्यांत मांडा आणि त्या दिवशी त्याच्या हाती द्या. घरातली जाणती माणसं ज्या रांगेत आपली अवजारं ठेवतात, त्या रांगेत आपलं ठेवलं जाणं मुलाला बरोबर कळतं. त्यानंतरही उघडताना घरात मोठं माणूस असलंच पाहिजे. ही अट बारा-तेरा वर्षांपर्यंत सोडू नका.

दोन भावंडांत एकच चाकू चालेल?

सुरुवातीला एकच बरा. एक जण तासतो, दुसरा घेराबाहेर बसून बघतो आणि चूक दिसली की सांगतो. बघणाराही शिकतो. पंधरा-वीस मिनिटांनी पाळी बदला आणि बदलताना चाकू मिटवून, "घेतला" म्हणूनच. धाकटं सहा-सात वर्षांचं असेल तर त्याच्या पाळीला चाकूऐवजी सोलाणं द्या आणि काडी तीच द्या, थोरल्याची अर्धी झालेली. दोघांनाही आवडतं आणि भांडण होत नाही.